थांबामामा आणि जावयाची गाडी

धुकं इतकं दाट होतं की शेडच्या दारात उभं राहिलं तर रस्त्यापलीकडचा वजनकाटा नुसता ऐकू येत होता, दिसत नव्हता. ट्रक चढला की लोखंडी फळी कण्हायची, उतरला की गप्प व्हायची. अशा सकाळी थांबामामाला श्वास घ्यायला फुरसत नसे. थंडीनं रात्रीत बॅटऱ्या मान टाकत आणि माणसं त्या बगलेत धरून, आजारी पोर दवाखान्यात न्यावं तशी, त्याच्या दारात आणून उभी राहत. मामानं दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या होत्या, एका टेम्पोच्या टर्मिनलवर चढलेला पांढरा फुलोरा गरम पाणी ओतून धुतला होता, आणि आता एका स्टार्टरचे झिजलेले ब्रश चिमटीत धरून तो दिव्याखाली बघत होता.

थांबामामा हे काही त्याचं नाव नव्हे. पण त्या आवारात खरं नाव कुणाचंच चालत नव्हतं. पत्रे ठोकून सरळ करणारा तो ठोक्या, त्याच्या पलीकडचा रंगारी, फाटकाजवळचा पंक्चरवाला, आणि भिंतीला टेकलेल्या शेवटच्या शेडमधला गाड्यांची वायरिंग बघणारा हा मामा. स्टिअरिंगपाशी काम निघालं की तो आधी चाकं सरळ करायचा, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून तिच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "थांबा." मग हात पुसून चहाला जायचा. गिऱ्हाईक घड्याळ बघत, पाय बदलत उभं. मामा चहा पिणार, कप विसळून पालथा घालणार, आणि मगच पान्याला हात लावणार.

"मामा, बॅटरी मेलीय, आता कुणाची वाट बघताय?" ठोक्या आपल्या शेडमधून ओरडायचा.

"बॅटरी मेली. एअरबॅगचा डबा जिवंत असतो अजून."

तो सगळ्यांना समजावून सांगायचा. धडक बसून बॅटरीचा चुरा झाला तरी पिशवी फुगली पाहिजे, म्हणून तो डबा पोटात थोडा करंट साठवून ठेवतो. तो निवेपर्यंत स्टिअरिंगमध्ये हात घालायचा नाही. लोक ऐकून घ्यायचे आणि पुन्हा घड्याळ बघायचे.

"मामा लग्नाच्या दिवशीपण थांबा म्हणाला होता," ठोक्या नव्या माणसाला सांगायचा. "म्हणून नवरी रागानं लवकर गेली."

बायको खरंच लवकर गेली होती. पण हा विनोद ठोक्यानं केला तर मामाला चालायचा. इतक्या वर्षांचा शेजार होता. दुसऱ्या कुणी केला असता तर मामानं पाना फेकून मारला असता.

थांबायची ही खोड त्याला फुकट लागलेली नव्हती. तरुणपणी तो एका मोठ्या वर्कशॉपात होता. इंडिकेटरचा आणि दिव्यांचा दांडा ज्यात बसतो तो कॉम्बिनेशन स्विच बदलायचा होता. फोरमन डोक्यावर उभा, गिऱ्हाईक फोरमनच्या डोक्यावर. बॅटरी जोडलेली, किल्ली चालू. मामानं स्टिअरिंगच्या मधलं आवरण सैल केलं, मान तिरकी करून आतली एअरबॅगची पिवळी वायर बघायला वाकला, आणि पिशवी फुटली. नंतर लोक विचारायचे, आवाज केवढा झाला. तो म्हणायचा, मला काय माहीत, मी ऐकलाच नाही. तेव्हापासून डाव्या कानात एक बारीक शिट्टी तेवढी राहिली आणि डावं मनगट जरा वाकडं जुळलं. मामाशी बोलायचं तर उजवीकडून. डावीकडून बोललेलं सगळं वाऱ्यावर. आवारातली कुत्रीसुद्धा उजवीकडून येऊन भाकरी मागतात, असं पंक्चरवाला म्हणायचा.

पोरीला हे लहानपणापासून ठाऊक. आई गेल्यावर शाळा सुटली की ती इथंच यायची, बाकाच्या उजव्या टोकाला दप्तर टाकायची आणि जुन्या हेडलाइटच्या काचेत तोंड बघत वेण्या सोडायची. मामानं तिला स्वयंपाक शिकवला तो पुस्तकात बघून, आणि फ्यूज बांधायला शिकवलं ते न बघता. पुढं तिनं आपला नवरा आपणच शोधला. भाड्याची गाडी चालवणारा, शिडशिडीत, कमी बोलणारा. दारू नाही, विडी नाही. लग्नाच्या आधी घरी आला तेव्हा न सांगता मामाच्या उजव्या बाजूला बसला. पोरीनं पढवून आणला होता हे कळत होतं, तरी मामा पाघळला.

आज हाच जावई, पोरगी आणि चार वर्षांची नात गाव सोडून चालले होते. घाटापलीकडच्या एका हॉटेलनं त्याला पाहुणे ने-आण करायला गाडीसकट ठेवून घेतलं होतं. सामान काल टेम्पोनं पुढं गेलं. काल रात्री तिघं मामाकडं जेवायला आली, आणि परत जाताना मामा दारात उभा राहून हात हलवत असताना त्याला दिसलं की कोपऱ्यावर गाडीनं इंडिकेटर दिला आणि पुढचे दोन्ही दिवे गेले. गाडी वळली, दिवे आले. मामानं तिथूनच फोन लावला.

"सकाळी गाडी शेडवर आणा."

"राहू द्या हो मामा. तिकडं गेल्यावर बघतो."

"तुम्ही आणता का मी येऊ तिकडं पाने घेऊन?"

आणि आता धुक्यातून ती पांढरी गाडी चाचपडत आत आली. जावई उतरला. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

"बसा जावईबापू. स्विच जळलाय आतून, दुसरं काही नाही. नवा आहे माझ्याकडं."

"वरच्यावर साफ करून चालणार नाही का? दांड्यात स्प्रे मारून?"

"घाटात तुम्ही इंडिकेटर देणार, दिवे जाणार. मग काय, माझी पोरगी कंदील घेऊन गाडीपुढं चालणार?"

जावई कसंनुसं हसला. तेवढ्यात ठोक्या आपली हातोडी तशीच हातात घेऊन आला. एवढ्या सकाळी तो कधी आपली शेड सोडत नसे.

"मामा, तुम्ही त्या टेम्पोचं उरका. हिचा दांडा मी साफ करून देतो. सोपं काम आहे."

"तू कधीपासून वायरिंग करायला लागलास?"

"म्हणजे आपलं, मदत."

"तुझी मदत पत्र्याला कर. माझा जावई आहे, मी बघतो."

ठोक्या जरा वेळ उभा राहिला. त्यानं जावयाकडं बघितलं, जावयानं जमिनीकडं. मग तो गेला, आणि त्याच्या शेडमधून ठोकण्याचा आवाज काही आला नाही. हे मामाच्या ध्यानात यायला हवं होतं. पण बहिऱ्या माणसाला एखादा आवाज बंद झालेला लवकर उमगत नाही.

मामानं चाकं सरळ केली. किल्ली खिशात टाकली. बोनेट उघडून निगेटिव्ह सोडवली, ट्यूबचा तुकडा चढवला आणि हात पुसले.

"थांबा."

"मामा, आज नका थांबू."

"का? आज करंट सुट्टीवर आहे?"

"तसं नाही." जावयाच्या ओठांवर काहीतरी आलं आणि परत गेलं. "उशीर होतोय. बारापर्यंत निघायचंय."

"बाराला निघाल. चहा घ्या."

ते दोघं बाकावर बसले. मामानं किटलीतून चहा ओतला. जावई कप दोन्ही हातांत धरून बसला, पीत नव्हता. मामाला वाटलं, पोरगं नव्या गावाच्या काळजीत आहे. धीर द्यावा म्हणून तो बोलत राहिला.

"तिकडं घर तळमजल्यावर घेतलंत हे बरं केलंत. त्या जिन्याचं मला कधी पटलंच नव्हतं."

जावयानं मान हलवली.

मागच्या उन्हाळ्यात पोरगी त्या जिन्यावरून पडली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि पोटात पाचवा महिना चालू होता तेही गेलं. मामा दवाखान्यात पोचला तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. अंधारात पायरी चुकली, एवढंच जावई म्हणाला. मामा जास्त काही बोलला नाही. पण ती घरी यायच्या आत तो शिडी घेऊन त्यांच्या इमारतीत गेला, तिन्ही मजल्यांना नवी वायर ओढली, प्रत्येक वळणावर दिवा लावला आणि खाली-वर दोन्हीकडं बटणं बसवली. घरमालकानं विचारलं, हे कुणाच्या परवानगीनं? मामानं त्याला असं काही सुनावलं की तो पुन्हा जिन्यात आला नाही. त्या आठवड्यात मामाला झोप लागली ती त्या दिव्यांच्या जोरावर. एवढं तरी आपल्या हातात होतं.

"दिवे चालू ठेवायला सांगा घरमालकाला," मामा म्हणाला. "तुमच्यामागं दुसरं कुणी येईल तिथं राहायला."

"सांगतो," जावई म्हणाला. त्याचा चहा निवून गेला होता.

मामानं कप विसळला, पालथा घातला आणि गाडीत शिरला. स्टिअरिंगच्या मागच्या भोकांतून त्यानं पाना आत सरकवला, खिट्ट्या सोडवल्या. मधलं आवरण सैल झालं. पोटात पिशवी असलेलं ते आवरण उचलायची त्याची एक रीत होती. दोन्ही हातांनी धरायचं, तोंड आपल्यापासून दूर ठेवायचं आणि काठोकाठ भरलेली घागर न्यावी तसं जपून बाकावर उताणं ठेवायचं. त्यानं तसंच धरलं, वजनाच्या हिशेबानं दंडात जोर आणला, आणि ते आवरण पत्रावळीसारखं वर आलं.

त्यानं ते उलटं केलं. आत फडकं कोंबलेलं होतं. जिथं पिशवी आणि तिला फुगवणारा लोखंडी पेला असायला हवा तिथं पोकळी होती. पिशवी फुगताना उसवते ती मधली शिवण आतून गोंद लावून चिकटवली होती. आणि पिवळ्या जोडाच्या तोंडाशी तांदळाएवढा एक रेझिस्टर होता. त्याच्या दोन्ही पायांवर हिरवी नळी चढवलेली होती.

ती हिरवी नळी या बाजारात कुणाकडं नव्हती. मामा ती जुन्या रेडिओंच्या वायरीतून सोलून काढायचा, कारण ती उन्हानं तडकत नाही.

त्याला ती दुपार लख्ख आठवली. ठोक्या येऊन बाकाला टेकला होता. एका गिऱ्हाइकाच्या एअरबॅगा उडाल्यात, नव्या त्याला परवडत नाहीत, डब्यातली धडकेची आठवण पुसून आणलीय, फक्त समोरचा एअरबॅगचा लाल दिवा गप्प करायचाय. काय घालू? मामानं मान वर न करता सांगितलं होतं, दोन ओहमचा घाल, डब्याला वाटेल पिशवी जागेवर आहे. किती हवेत? दोन, ठोक्या म्हणाला, एक ड्रायव्हरचा, एक शेजारचा. मामानं ड्रॉवरमधून दोन काढून दिले. नुसते दिले नाहीत. पाय उघडे राहिले तर कुठंतरी चिकटतील म्हणून स्वतः हिरव्या नळ्या चढवून दिले. गाडी कुणाची, हे त्यानं विचारलं नाही. आवारात तसं कुणी विचारत नाही. असले दिवे सगळीकडंच गप्प केले जातात.

मामा गाडीतून उतरला, पलीकडच्या बाजूला गेला, समोरचा कप्पा काढून बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर बसून टॉर्च आत मारला. दुसरा तिथं होता. हिरवा.

जावई बाकावरून उठून जवळ आला होता, चुकून डावीकडून. तो काहीतरी बोलत होता. मामाला नुसते ओठ दिसले.

"इकडून बोल," मामा म्हणाला.

लग्नापासून आजवर त्यानं जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. जावई वळसा घालून उजवीकडं आला.

"जिन्यावरून पडली नाही ती," मामा म्हणाला.

"नाही."

"कुठं झालं?"

"विमानतळाच्या रस्त्यावर. तिच्या मैत्रिणीला सोडून परत येत होतो. पुलाचा कठडा."

"कुणी मारली?"

"कुणी नाही. मला डुलकी लागली. दोन पाळ्या केल्या होत्या लागोपाठ." त्यानं ओठ चावला. "ती म्हणत होती, बाजूला घ्या, पाच मिनिटं झोपा. मी म्हटलं, घर आलंच आता."

"पट्टा?"

"पोटावर दाबतोय म्हणून काढला होता. तेवढ्यापुरता."

मामानं तोंडावरून हात फिरवला. हाताचं ग्रीस गालाला लागलं. एवढं सगळं झाल्यावर आपण जिन्यात शिडीवर चढून बल्ब लावत होतो आणि हा माणूस खाली उभा राहून शिडी धरत होता. दोन्ही हातांनी घट्ट धरत होता. मामाला तेव्हा त्याची दया आली होती.

"शिडी धरलीस तू माझी," तो म्हणाला.

जावई खाली ठेवलेल्या एका जुन्या टायरवर बसला आणि त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं. मामाला त्याला मारावंसं वाटलं, आणि मारायला हात उचलायचा तर त्या हातानं चढवलेल्या हिरव्या नळ्या समोर होत्या. तो तसाच उभा राहिला.

धुकं जरा विरळ झालं तेव्हा पोरगी फाटकातून आत आली. एका खांद्यावर झोपलेली नात, दुसऱ्यावर पिशवी. वेळ झाली तरी फोन उचलत नाहीत म्हणून ती चालत आली होती. तिनं टायरवर बसलेला नवरा बघितला. बाकावर उलटं पडलेलं आवरण बघितलं, त्यातलं फडकं बघितलं. मग पिशवी खाली ठेवून ती बापाच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"उघडलंत का बाबा?"

"उघडलं."

"यांना काही बोललात?"

"काय बोलू?"

"मीच नको म्हटलं होतं सांगायला. तुम्ही यांना दारात उभं केलं नसतं."

"नसतंच केलं."

"आणि मला परत पाठवलं नसतं."

"नसतं पाठवलं."

"मग झालं तर." तिनं नातीचं डोकं नीट खांद्यावर घेतलं. "माझं एक गेलंच होतं. वर घरही मोडून काय मिळणार होतं?"

मामानं हिरव्या नळीकडं बघितलं. सांगितलं नाही तर तिला कधीच कळणार नव्हतं. जावयालाही माहीत नव्हतं. ठोक्या बोलला नसता. त्यानं रेझिस्टर कापून काढला आणि तळहातावर तिच्यापुढं धरला.

"हा मी दिलेला आहे."

तिला समजलं नाही. मग हिरवी नळी दिसली. लहानपणी त्याच नळीचे तुकडे दोऱ्यात ओवून ती माळा करत असे.

"ठोक्या घेऊन गेला. गाडी कुणाची ते मी विचारलं नाही."

पोरगी हसल्यासारखं काहीतरी करायला गेली आणि तिचा चेहरा मध्येच थांबला. ती बाकावर बसली.

"मी रोज बघायचे, बाबा," ती म्हणाली. "किल्ली फिरवली की तो दिवा लागायचा आणि विझायचा. मला माहीत होतं खोटा आहे. तरी विझला की बरं वाटायचं. तुम्ही म्हणायचात ना, विझला म्हणजे सगळं ठीक."

मामा म्हणायचा तसं. तिला, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना.

"आज या गाडीत तू बसणार नाहीस," तो म्हणाला. "ही नातपण नाही."

"मी मागंच बसते तेव्हापासून. पुढं बसलेच नाहीये."

"मागंपण नाही."

"बसनं सहा तास लागतात, बाबा. हिला उलट्या होतात."

"होऊ देत."

"आणि उद्या? तिकडं गेल्यावर? रोज मी बसणं टाळू? हे बसतील ते चालेल?"

टायरवरून जावई बोलला, डोकं वर न करता.

"ती बसनं जाऊ दे. मी गाडी घेऊन जातो. नव्या पिशव्या घालेपर्यंत हिला गाडीत घेणार नाही. पाहुणे पण नाही."

"पाहुणे नाही तर नोकरी कसली?" पोरगी म्हणाली.

"बघतो."

"तुम्ही बघता म्हणून तर," ती म्हणाली आणि नातीकडं वळली. तेवढ्यानं जावयाचा चेहरा असा झाला की मामानं तोंड फिरवलं.

मग त्यानं स्विच बदलला. ते काम अर्धं टाकून चालणार नव्हतं. हा माणूस आज घाट उतरणार होता आणि काहीही झालं तरी तो नातीचा बाप होता. मामानं स्टिअरिंगचा मधला नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही. चाक हिसक्यानं सुटून तोंडावर येऊ नये म्हणून शेवटचे आटे ठेवले. चाक आणि दांडा कुठं जुळतात तिथं खडूनं खूण केली. चाक निघाल्यावर आतल्या गोल डबीवर चिकटपट्टी लावली, कारण तिच्यात घड्याळाच्या स्प्रिंगसारखी वायरची पट्टी गुंडाळलेली असते आणि ती जराशी जरी फिरून बसली तर पहिल्याच पूर्ण वळणाला तुटते. जळका स्विच काढला. त्याच्या पोटात प्लास्टिक वितळून काळं झालं होतं. नवा बसवला, खूण जुळवली, नट आवळला. एरवी हे करताना तो पुटपुटत असे, इकडून गेलं, तिकडून आलं. आज त्यानं प्रत्येक स्क्रू दोनदा आवळून बघितला. बाकावर पोरगी नातीच्या पाठीवर थापटत होती, आणि तेही थोड्या वेळानं थांबलं.

पिवळा जोड त्यानं रिकामाच ठेवला, टोकाला टेप गुंडाळली आणि पोकळ आवरण परत बसवलं. दुसऱ्या बाजूचा रेझिस्टरही कापून काढला. दोन्ही भंगाराच्या डब्यात टाकले.

"बाजूला व्हा सगळे."

गाडीत कुणी नाही हे बघून त्यानं बॅटरी जोडली, आणि बाहेर उभा राहून, हात लांब करून किल्ली फिरवली. दिवे लागले. इंडिकेटर दिला, दिवे तसेच राहिले. डिपर, वायपर, हॉर्न, सगळं चाललं. समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागला आणि विझला नाही.

"हा असाच राहील," मामा म्हणाला. "कुणाकडून विझवून घेऊ नका."

अरे-तुरे जाऊन पुन्हा 'नका' आलं होतं. जावयाला ते जास्त लागलं असावं. त्यानं वाकून नमस्कार करायला हात पुढं केले, मामानं पाय मागं घेतले नाहीत आणि पाठीवर हातही ठेवला नाही. जावई गाडीत बसला. निघताना त्यानं काच खाली करून बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "झोप आली तर थांबा." एवढंच. गाडी फाटकातून बाहेर पडली, इंडिकेटर देत, दिवे लावून.

मामा पोरीला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. नात आता त्याच्या खांद्यावर होती, झोपेत जड. बस आली तेव्हा तिनं मुलीला घेतलं, पायरीवर चढली, मग परत खाली उतरून त्याच्या उजव्या कानाशी आली.

"मी पोचले की फोन करीन, बाबा. पण लगेच नाही बोलणार तुमच्याशी. काही दिवस."

"बरं."

"रागानं नाही."

"रागानंच कर," मामा म्हणाला. "चालेल."

ती चढली. दार बंद झालं. खिडक्यांवर दव होतं, ती कुठल्या बाजूला बसली ते दिसलं नाही.

परत आला तेव्हा ठोक्या त्याच्या शेडपाशी उभा होता. हातोडी नव्हती.

"मला शपथ घातली होती तुमच्या पोरीनं," तो म्हणाला. "दवाखान्यातून फोन करून."

मामा बाकावर पडलेले पाने पुसायला लागला.

"रेझिस्टर काय, कुठंही मिळतात," मामा म्हणाला. "बाजारात दुकानं ओसंडून चाललीत. माझ्याच ड्रॉवरमधून का नेलेस?"

ठोक्यानं बराच वेळ विचार केला. खोटं बोलायचं असतं तर ते त्याला तेवढ्यात सुचलं असतं.

"तुमचा माल पक्का असतो, मामा. पोरीच्या गाडीला लावायचा म्हटल्यावर."

मामानं पाना खाली ठेवला. ठोक्या अजून काही ऐकायची वाट बघत उभा होता, शिवी चालली असती त्याला. ती आली नाही. शेवटी तो आपल्या शेडकडं गेला. थोड्या वेळानं तिकडून ठोकायचा आवाज सुरू झाला. मामाला तो पत्र्याच्या भिंतीतून, बाकावर टेकलेल्या कोपरातून जाणवला.

सकाळचा टेम्पोवाला केव्हाचा खोळंबला होता. बॅटरी झाली, म्हणाला, पण मागचा ब्रेकचा दिवा पण लागत नाहीये, तेवढं बघता का. मामानं टेम्पोच्या मागं जाऊन लाल काच काढली, आतला बल्ब फिरवून बाहेर घेतला, उजेडाकडं धरला. तार तुटली होती. ड्रॉवर उघडून त्यानं नवा घेतला, पितळी बूड शर्टाला पुसलं, बसवला आणि काचेचे स्क्रू आवळायच्या आधी दोन पावलं मागं सरला.

"दाबा," तो म्हणाला. "सोडा. पुन्हा दाबा."